छेदात अगडबंब आकडा का येतो, आणि दुरुस्त करूनही पुन्हा का येतो

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या फ्रॅक्शन्स मोड्यूलला (अपूर्णांकांचं गणित करणाऱ्या भागाला) ०.१ दिलं आणि १/१० येण्याऐवजी ३६०२८७९७०१८९६३९७/३६०२८७९७०१८९६३९६८ आलं, असं तुमच्याकडे झालं असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. एकदा दुरुस्त करून दोन महिन्यांनी तोच प्रकार भलत्याच कोपऱ्यातून पुन्हा वर आला असेल, तर जास्तच. माझ्याकडे अपूर्णांक असे चार वेळा बिघडले आणि चारही वेळा वाट वेगळी होती.

(फंक्शनांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ स्पेलिंग वापरायचं.)

मी मुलांसाठी अपूर्णांकांच्या सरावाचं एक छोटं साधन सांभाळते. ‘०.१ अपूर्णांकात लिहा’ असा प्रश्न होता. एका मुलीने १/१० लिहिलं आणि पडद्यावर ‘चूक’ आलं. नोंदी चाळताना दिसलं की तिने मग १०/१०० लिहून पाहिलं, त्यानंतर १/१००, आणि शेवटी प्रश्न सोडून दिला. जिला उत्तर येत होतं, तिला प्रोग्रॅमने बरोबर उत्तरापासून हुसकावून लावलं. ते वाचून मला फार वाईट वाटलं, आणि तेव्हापासून मी हा दोष मुळापासून शोधायला लागले.

नेमकं काय होतं

०.१ ही संख्या दशांशात एका घरात मावते, पण संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत ती आवर्ती आहे, जशी १/३ दशांशात आवर्ती आहे. आपल्या संगणकांत फ्लोट, म्हणजे दशांश चिन्हाची संख्या, ठेवायला ५३ सार्थ बिट असतात. तिथे आवर्तन तोडावं लागतं, आणि उरतो तो ०.१ च्या अगदी शेजारचा एक आकडा, ज्याचा छेद २ चा ५५ वा घात आहे. फ्रॅक्शनला तुम्ही ०.१ असा फ्लोट दिलात की त्याच्या हाती हा शेजारचा आकडा येतो, आणि तो त्याचं मूल्य एका दाण्याचाही फरक न करता सांगतो. म्हणजे लायब्ररी बरोबरच आहे. चूक तिच्यापर्यंत पोचण्याआधीच झालेली असते.

दोष चाचणीत का सापडला नाही, हेही बघण्यासारखं आहे. माझ्या चाचण्यांत ०.५, ०.२५ आणि ०.७५ होते. अपूर्णांकांची उदाहरणं लिहायला बसलं की हेच आकडे आधी सुचतात. यांचे छेद २ आणि ४, म्हणून ते फ्लोटमध्ये तंतोतंत बसतात आणि सगळ्या चाचण्या हिरव्या दिसतात. ०.०१ पासून ०.९९ पर्यंतच्या ९९ संख्यांपैकी फ्लोटमध्ये तंतोतंत बसणाऱ्या फक्त या तीनच आहेत. नेमक्या त्याच तीन मी निवडल्या होत्या.

आधी छेद बघा

उपाय शोधायच्या आधी संख्या कुठून आली हे ओळखायला हवं, आणि ते छेदावरूनच कळतं. छेदाला २ ने भाग जाईल तोवर भागत राहा आणि किती वेळा भाग गेला ते मोजा.

शेवटी १ उरला आणि भाग पन्नासेक वेळा गेला, तर संख्या थेट फ्लोटमधून आली आहे. शेवटी ३ किंवा २१ असं काही उरलं आणि तरीही २ चे पन्नासेक घात निघाले, तर फ्लोटमधून बनलेला अपूर्णांक नंतर एखाद्या खऱ्या अपूर्णांकात मिसळला गेला आहे. अशा वेळी मागे जाऊन बेरजेतली कुठली बाजू कलंकित आहे ते तपासायचं.

दुसरी खूण वेगळी असते. छेद १०००००००००००००००० असा, म्हणजे १० चा १६ वा घात, आणि अंश ३३३३३३३३३३३३३३३३ असा असेल, तर कुणीतरी १/३ चं दशांशात रूपांतर करून ते मजकूर म्हणून पाठवलं आहे आणि तुम्ही तो मजकूर इमानदारीने वाचला आहे. इथे वाचणाऱ्याचा दोष नाही, पाठवणाऱ्याकडे जायला हवं.

या दोन खुणा ओळखता आल्या की निम्मं काम झालं. मी पहिल्या वेळी त्या बघितल्याच नाहीत. समोर दिसेल तिथे मलमपट्टी केली, म्हणून दोष परतला.

संख्या आत येते ती दारं

पहिलं दार कोडमध्येच असतं. फ्रॅक्शन(०.१) आणि फ्रॅक्शन('०.१') यांत फक्त अवतरणचिन्हांचा फरक आहे. पहिल्यात फ्लोट जातो, दुसऱ्यात मजकूर जातो आणि १/१० मिळतो. तसंच फ्रॅक्शन(१/३) आणि फ्रॅक्शन(१, ३). पहिल्यात तिरकी रेघ आधी चालते, भागाकार फ्लोटमध्ये होतो आणि हाती ६००४७९९५०३१६०६६१/१८०१४३९८५०९४८१९८४ येतो. स्वल्पविराम दिला की १/३. वाचताना नजर त्यावरून सहज घसरते. जुन्या कोडमध्ये हे शोधायचं असेल तर ‘फ्रॅक्शन’ हा शब्द शोधून कंसातली प्रत्येक तिरकी रेघ तपासा. अवतरणचिन्हांत असेल तर ठीक, उघडी असेल तर बदला.

दुसरं दार जेसन, म्हणजे माहिती मजकुराच्या रूपात साठवायची एक पद्धत. माझा पहिला दोष इथलाच होता. प्रश्नसंचात ०.१ साधी संख्या म्हणून लिहिलेला होता, आणि फाइल वाचणाऱ्याने तो माझ्या हातात यायच्या आधीच फ्लोट करून टाकला होता. त्यानंतर मी कितीही काळजी घेतली तरी उपयोग नव्हता. पायथॉनच्या जेसन वाचणाऱ्या फंक्शनला ‘पार्स फ्लोट’ नावाचा एक पर्याय देता येतो. तिथे फ्रॅक्शन हे नाव दिलं की दशांश चिन्ह असलेली प्रत्येक संख्या मूळ मजकुराच्या रूपातच फ्रॅक्शनकडे जाते आणि ०.१ चा सरळ १/१० होतो. एका ओळीचा बदल, पण हे मला दुसऱ्या वेळी कळलं. बाहेर लिहिताना मात्र फ्रॅक्शन तसाच दिला तर जेसन टाइप एरर देतं. तिथे लोक घाईघाईने फ्लोटमध्ये बदलून मोकळे होतात, आणि आता आत शुद्ध आलेली संख्या बाहेर जाताना बिघडते. मजकुरात बदला, म्हणजे ‘१/३’ असंच लिहिलं जाईल आणि परत वाचताना तसंच मिळेल.

तिसरं दार सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल. पांडाज ही तक्ते हाताळायची लायब्ररी वापरत असाल तर त्या रकान्यासाठी कन्व्हर्टर म्हणून फ्रॅक्शन द्या, म्हणजे त्याला मजकूर मिळतो. रिकामा कप्पा आला तर व्हॅल्यू एरर येईल, तेवढं आधी सांभाळा. पण ती फाइल मधे कुणी स्प्रेडशीटमध्ये उघडून जतन केली असेल, तर १/२ ची तारीख झालेली असू शकते आणि मग कुठलीही लायब्ररी तिला परत आणू शकत नाही. त्या रकान्याचा प्रकार आधीच ‘मजकूर’ ठेवायचा, किंवा अंश आणि छेद दोन वेगळ्या रकान्यांत लिहायचे. मला दुसरा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.

चौथं दार ब्राउझर. तिथे फ्रॅक्शन.जेएस ही लायब्ररी चांगली आहे, पण तिच्यातून बाहेर पडायच्या वाटा नीट बघून घ्या. १/३ ची संख्या म्हणून किंमत मागितली तर ०.३३३३३३३३३३३३३३३३ मिळते, ती वर सांगितलेली दुसरी खूण. साधा टू स्ट्रिंग वापरला तर ती ‘०.(३)’ असं आवर्ती चिन्हासकट लिहिते, जे माणसाला छान वाचता येतं पण पायथॉनचा फ्रॅक्शन ते घेत नाही, व्हॅल्यू एरर देतो. टू फ्रॅक्शन वापरा. ते ‘१/३’ देतं आणि ते दोन्हीकडे चालतं.

लिमिट डिनॉमिनेटर हे औषध नाही

या दोषावर कुणालाही विचारलं तर पहिलं उत्तर येतं: लिमिट डिनॉमिनेटर लावा. मीही लावलं. फ्रॅक्शन(०.१) वर ते चालवलं की १/१० येतो, आणि वाटतं की प्रश्न मिटला. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण माझा दुसरा दोष याच दुरुस्तीतून जन्मला.

हे फंक्शन चूक सुधारत नाही. ते अंदाज बांधतं. तुम्ही दिलेल्या मर्यादेपेक्षा ज्यांचा छेद मोठा नाही, अशा सगळ्या अपूर्णांकांपैकी सर्वांत जवळचा ते काढून देतं. काम अतिशय सुंदर करतं. ३.१४१५९२६५३५८९७९३२ देऊन मर्यादा १००० ठेवली तर ३५५/११३ मिळतो. पण जवळचा म्हणजे मूळचा नव्हे. काही सांगितलं नाही तर मर्यादा १०,००,००० असते. १/१०००००३ हा अगदी शुद्ध अपूर्णांक त्यातून काढा, १/१०००००० होऊन बाहेर येईल, आणि कुठलीही सूचना मिळणार नाही.

मी मर्यादा १०० ठेवली होती. मुलांच्या गणितात छेद शंभराच्या वर जात नाही, असा माझा समज. मग कुणीतरी प्रश्नसंचात ०.३३३ घातला. उत्तर ३३३/१००० हवं होतं. माझ्या प्रोग्रॅमने १/३ हे उत्तर धरलं आणि ज्यांनी ३३३/१००० लिहिलं त्या सगळ्यांना चूक ठरवलं. पहिल्या दोषात निदान तो अगडबंब आकडा पाहून काहीतरी बिघडलंय हे कळत तरी होतं. इथे १/३ इतका सोज्वळ दिसत होता की आठवडाभर कुणाला शंका आली नाही.

वाटणीच्या हिशेबात हे आणखी महागात पडतं. १/११, २/११ आणि ८/११ यांची बेरीज १. प्रत्येकावर मर्यादा १० लावा. १/१०, १/६ आणि ५/७ मिळतात. यांची बेरीज १०३/१०५. तीन भाग मिळून पूर्ण होत नाही, आणि उरलेला २/१०५ कुठे गेला हे हिशेबात कुठेच दिसत नाही.

म्हणून हे फंक्शन मी दोनच ठिकाणी वापरते: मोजमापातून आलेली संख्या माणसाला वाचायला सोपी करून दाखवायची असेल तेव्हा, किंवा मूळ छेद अमुक मर्यादेच्या आत आहे हे नक्की ठाऊक असेल तेव्हा. पुढच्या आकडेमोडीत ती संख्या परत जाऊ देत नाही. फ्रॅक्शन.जेएसला ०.१ फ्लोट दिल्यावर ती आपणहून १/१० देते तेही असंच सोपा अपूर्णांक शोधून, हे लक्षात असू द्या.

गुपचूप फ्लोट होणं

दारं सगळी बंद केली तरी घरातल्या घरात एक गोष्ट घडते. फ्रॅक्शनमध्ये फ्लोट मिळवला तर उत्तर फ्लोट येतं, कुठलीही कुरकुर न करता. १/३ अधिक ०.५ म्हणजे ५/६ नाही, ०.८३३३ वगैरे. त्याउलट डेसिमल (पायथॉनचा दशमान संख्यांचा वेगळा प्रकार) मिळवायला गेलात तर टाइप एरर येऊन काम थांबतं. मला हे दुसरं वागणं जास्त आवडतं, कारण चूक जिथे झाली तिथेच कळते. पहिल्या बाबतीत ते काम आपल्यालाच करावं लागतं: आकडेमोडीच्या प्रत्येक महत्त्वाच्या फंक्शनच्या शेवटी उत्तराचा प्रकार फ्रॅक्शनच आहे ना, एवढी एक तपासणी ठेवा.

घातांकातही हेच. पूर्णांक घात असेल तर फ्रॅक्शन राहतो. ४/९ चा १/२ वा घात मागितलात तर २/३ मिळेल असं वाटतं, पण ०.६६६६ असा फ्लोट मिळतो, जरी वर्गमूळ तंतोतंत निघत असलं तरी. सरासरीसाठी स्टॅटिस्टिक्स मोड्यूलचं मीन वापरा, ते फ्रॅक्शन सांभाळतं. मॅथमधलं एफसम मात्र फ्लोट करतं.

माझा तिसरा दोष नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचा होता आणि तो शोधायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. गुणांच्या यादीतून अंश आणि छेद काढून मी फ्रॅक्शनला दिले. ते नमपायचे ६४ बिटी पूर्णांक होते. फ्रॅक्शन त्यांना पूर्णांक म्हणून स्वीकारतो, पण अंश-छेद त्याच प्रकारात ठेवतो. पायथॉनचा स्वतःचा पूर्णांक हवा तेवढा वाढतो, हा मात्र २ च्या ६३ व्या घाताजवळ उलटतो. बऱ्याच बेरजांनंतर एक अपूर्णांक ऋण झाला. वास्तविक बेरजेतलं प्रत्येक पद धन होतं. इशारा छापला गेला होता, पण इतर शेकडो ओळींत तो बुडाला. उपाय एवढाच की फ्रॅक्शनला देण्याआधी दोन्ही संख्या इंट मधून काढून घ्यायच्या.

मुलांनी लिहिलेला अपूर्णांक वाचताना

‘१ १/२’ असा पूर्णांकयुक्त अपूर्णांक पायथॉनचा फ्रॅक्शन वाचत नाही. ‘½’ हे एकच अक्षरही नाही. मात्र ‘३/४’ असे देवनागरी अंक तो बिनतक्रार वाचतो, कारण पायथॉनला कुठल्याही लिपीतले अंक चालतात. हे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. मुलांना आपल्या अंकांत उत्तर लिहिता येतं आणि त्यासाठी वेगळं काहीच करावं लागत नाही.

पूर्णांकयुक्तासाठी स्वतः वाचक लिहावा लागतो, आणि माझा चौथा दोष तिथे होता. मोकळ्या जागेवर तुकडे करायचे, दोन्ही फ्रॅक्शन करायचे, बेरीज करायची. ‘-१ १/२’ आला की उणे १ अधिक १/२ होऊन -१/२ मिळतो. हवा असतो -३/२. चिन्ह आधी बाजूला काढायचं, बेरीज करायची, मग पूर्ण बेरजेला चिन्ह लावायचं.

आणखी एक. फ्रॅक्शन आपोआप मसाविने भागून अतिसंक्षिप्त रूप देतो. २/४ दिला की १/२ होतो. मुलाने संक्षेप केला होता का, हे तपासायचं असेल तर मूळ मजकूर वेगळा जपून ठेवा.

छेद खरोखरच मोठा असतो तेव्हा

कधी कधी फ्लोटचा काही संबंध नसतो आणि तरीही आकडे फुगतात. १ पासून १/१०० पर्यंतच्या अपूर्णांकांची बेरीज केली तर छेद ४० अंकी येतो, आणि तो बरोबर असतो. पुन्हा पुन्हा वर्ग होणाऱ्या आकडेमोडीत तर वाढ भयंकर. २ चं वर्गमूळ न्यूटनच्या रीतीने १ पासून काढत गेलं तर ३/२, १७/१२, ५७७/४०८, ६६५८५७/४७०८३२ असे अपूर्णांक येतात. दर फेरीला अंकांची संख्या साधारण दुप्पट. दहाव्या फेरीत छेद ३९२ अंकी, आणि विसाव्या फेरीत ४ लाखांहून जास्त अंकी. प्रोग्रॅम अडकल्यासारखा वाटतो, पण तो फक्त प्रचंड गुणाकार करत असतो. अशा कामाला अपूर्णांक हे साधनच चुकीचं आहे. हवी तेवढी अचूकता ठरवून डेसिमल वापरा, आणि इथे फ्लोट वापरण्यातही काही कमीपणा नाही.

दुसऱ्या भाषांतून येणाऱ्यांसाठी

रूबीत ०.१ वर टू आर लावलं तर तोच अगडबंब आकडा, रॅशनलाइझ लावलं तर १/१०. ‘०.१’ या मजकुरावर टू आर सुरक्षित, पण भलताच मजकूर दिला तर ते मुकाट्याने शून्य देतं. रॅशनल हे नाव फंक्शनसारखं वापरा, ते चूक दाखवतं. जुलियात १//३ अशी दुहेरी रेघ आहे आणि पूर्णांक ओसंडला तर ओव्हरफ्लो एरर येतो, तेव्हा बिग वापरायचा. सी प्लस प्लसच्या बूस्ट रॅशनलमध्ये साधा इंट घेतला तर ओसंडणं कळतच नाही.

जीएमपी ही मोठ्या संख्यांची लायब्ररी वापरणाऱ्यांना एकच सांगायचं आहे. तिथे अंश आणि छेद हाताने भरले तर लायब्ररी संक्षेप आपणहून करत नाही. २/४ भरलात तर तो २/४ च राहतो, आणि १/२ शी तुलना केली तर दोन्ही वेगळे ठरू शकतात. भरल्यानंतर लगेच कॅनॉनिकलाइझ बोलवा, मजकुरातून वाचलं असेल तरीही. बाकीची फंक्शनं हे झालेलं आहे असं धरूनच चालतात.

आता माझ्याकडे एकच चाचणी सगळ्यांत आधी चालते. ०.०१ पासून ०.९९ पर्यंतच्या ९९ संख्या प्रश्नसंचाच्या फाइलमध्ये लिहायच्या, वाचायच्या, ब्राउझरला पाठवायच्या, परत घ्यायच्या, आणि शेवटी हाती आलेल्या प्रत्येक अपूर्णांकाच्या छेदाने १०० ला निःशेष भाग जातो का ते बघायचं. कुठलंही नवीन दार उघडलं, म्हणजे नवी फाइल, नवा रकाना किंवा नवा पडदा आला, की तो या वाटेत जोडते आणि मगच पुढे जाते. त्या मुलीचा प्रश्नही त्यात आहे, दहाव्या ओळीवर.